वाघोलीतील बोअरचे जड पाणी: संपूर्ण इमारतीसाठी सॉफ्टनर बसवावा का?

केसनंदफाटा (प्रश्न)

नमस्कार. आमची ८४ सदनिकांची सोसायटी पुण्याच्या पूर्वेला वाघोलीत आहे. नळजोडणीतून येणारे धरणाचे पाणी, सोसायटीच्या आवारातील बोअर आणि उन्हाळ्यात मागवावे लागणारे टँकर अशा तीन ठिकाणांहून आम्ही पाणी घेतो. हे सर्व पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडते आणि तिथून गच्चीवर चढवले जाते, त्यामुळे कोणत्या दिवशी नळाला कोणते पाणी किती आले हे घरात बसून सांगता येत नाही.

गेल्या दोन वर्षांत बोअरवरचा भार वाढला आणि त्याचे परिणाम प्रत्येक घरात दिसू लागले. नळाच्या तोंडाशी असलेली जाळी दर दीड-दोन महिन्यांनी काढून घासावी लागते. न्हाणीघरातील काळ्या फरशीवर पांढरे थर बसले आहेत आणि ते साध्या घासण्याने जात नाहीत. आमच्या घरातील गिझरची कॉइल एका वर्षात दोनदा जळाली. दुसऱ्यांदा दुरुस्ती करणाऱ्याने टाकी उलटी केली तेव्हा आतून ओंजळभर पांढऱ्या कपच्या पडल्या. गच्चीवरच्या सोलरच्या काही नळ्या तर जवळजवळ बुजल्या आहेत. माझ्या सासूबाईंचे हातपाय कोरडे पडून खाज सुटते, आणि इमारतीतील बऱ्याच जणांचा केस गळण्याचा दोष या पाण्यालाच देण्याकडे कल आहे.

मे महिन्यात आम्ही बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असे आले: एकूण जडपणा (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून, चुनखडीच्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) ५६०, कॅल्शियम १०४, मॅग्नेशियम ७३, एकूण क्षारता म्हणजे अल्कलिनिटी ३४०, विरघळलेले एकूण घनपदार्थ, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात ते ७९०, क्लोराइड १६०, सल्फेट ९५ आणि नायट्रेट ३८. टँकरच्या पाण्याचा जडपणा ३२० आणि नळजोडणीच्या पाण्याचा ६० निघाला.

कार्यकारिणीसमोर आता संपूर्ण इमारतीसाठी एक मोठा सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला जडपणा काढणारे यंत्र, बसवण्याचा प्रस्ताव आहे. खर्च मोठा आहे आणि तो सर्वांनी वर्गणीतून करायचा आहे, म्हणून निर्णयापूर्वी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आमच्याच भागातील पाणी इतके जड का? ते पिण्याने किंवा अंगावर घेण्याने अपाय होतो का? आणि सॉफ्टनर हाच योग्य मार्ग आहे का? ज्यांनी हा अनुभव घेतला आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुरूमाखाली

मी भूजलाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हा काळा पाषाण तयार झाला. या खडकातील प्रमुख खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मुळात जवळजवळ क्षारविरहित असते, पण जमिनीत मुरताना ते मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी मुरूमातून आणि खडकाच्या भेगांतून महिनोन्‌महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे झिरपत राहिले, की त्या खनिजांमधील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून पाण्यात येते. काळ्या मातीत जे पांढरे चुनखडीचे खडे सापडतात, तेही याच व्यवहाराचा भाग आहेत आणि तेही पाण्यात विरघळत असतात. धरणाच्या पाण्याचे तसे नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडून ओढ्यानाल्यांनी थोड्या दिवसांत जलाशयात पोहोचते आणि खडकाशी त्याचा सहवास अल्प असतो. आपल्याच अहवालातील ६० आणि ५६० या आकड्यांतला फरक यातूनच आला आहे.

वाघोलीच्या खडकाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण त्याचा पुढे संबंध येतो. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा खडक या परिसरात आहे. लाव्हातील वायूंचे बुडबुडे जिथे अडकून राहिले तिथे पोकळ्या झाल्या आणि पुढे त्यांत स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणींतून निघालेले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि विशेषतः निळ्याशार रंगाचे कॅव्हन्साइट जगभरच्या खनिजसंग्रहांत मानाने ठेवलेले आहे. यांतील स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट ही झिओलाइट कुळातील खनिजे आहेत, आणि झिओलाइटचा गुण असा की ते स्वतःजवळचे सोडियम देऊन पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवू शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे पहिले सॉफ्टनर निघाले ते याच तत्त्वावर आणि याच प्रकारच्या पदार्थांवर चालत असत. त्यामुळे "जितकी बोअर खोल तितके पाणी जड" हा सर्रास ऐकू येणारा ठोकताळा बेसॉल्टमध्ये नेहमी खरा ठरत नाही. काही खोल थरांतले पाणी असा विनिमय होऊन गेल्याने जडपणाने कमी आणि सोडियमने जास्त असते. नवी बोअर अधिक खोल घेण्याचा किंवा न घेण्याचा निर्णय केवळ या समजावर करू नका.

दुसरे असे, की आपला नमुना मे महिन्यातला आहे. त्या वेळी भूजलाची पातळी खाली गेलेली असते आणि उरलेले पाणी दीर्घकाळ खडकाशी मुरलेले असते. ऑक्टोबरात त्याच बोअरचा नमुना घेतला तर आकडा खाली आलेला दिसण्याची शक्यता बरीच आहे. वर्षातून किमान दोन नमुने, एक पावसाळ्यापूर्वी आणि एक नंतर, असे घेतल्याशिवाय कोणत्याही यंत्राची क्षमता ठरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून बोअरजवळ मुरवले तर त्याचा उपयोग होतो, पण तो किती होईल याचा अंदाज वास्तव असावा. पुण्याचा सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. आपली गच्ची ९०० चौरस मीटर धरली आणि पडलेल्या पाण्यापैकी ८० टक्के हाती लागले असे मानले, तर वर्षाला सुमारे पाच लाख लिटर पाणी मिळते. ८४ घरांना ते दहा-अकरा दिवस पुरेल. शिवाय बेसॉल्टमधील पाणी भेगांच्या वाटेने कुठे निघून जाईल हे आपल्या हाती नसते. तरीही पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने बोअरचे पाणी त्यामुळे सौम्य राहते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. फक्त गच्चीचेच पाणी सोडावे. वाहनतळाचे आणि रस्त्याचे पाणी बोअरमध्ये मुळीच सोडू नये.

स्वयंपाकघरातून

वरील शास्त्रीय विवेचन वाचून आनंद झाला. मी त्यात फक्त घरातला अनुभव जोडते. आम्ही मध्य पुण्यातील पेठेतून उपनगरात राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात माझी तूरडाळ शिजेना. तीच डाळ, तोच कुकर, पण चार शिट्ट्यांनंतरही दाणा हाताला लागत असे. मी दुकानदाराला दोष दिला, डाळ बदलली, तरी तेच. शेजारच्या काकूंनी सांगितले की बोअरच्या पाण्यात डाळ अशीच आडमुठेपणा करते आणि खेड्यात विहिरीचे पाणी पारखण्याची ही जुनी रीत आहे. पुढे वाचनात आले की डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन कॅल्शियमशी बांधले गेले की ते शिजूनही विरघळत नाही, आणि म्हणून दाणा फुटत नाही. तेव्हापासून डाळ, राजमा, छोले भिजवायला आणि शिजवायला मी शुद्धीकरण यंत्रातले किंवा नळजोडणीचे वेगळे भरून ठेवलेले पाणी वापरते. चिमूटभर खायचा सोडा घातल्यानेही डाळ शिजते, पण चव बदलते, म्हणून मला ते रुचत नाही.

कपड्यांच्या बाबतीत साबणाची वडी आणि पावडर यांत फार अंतर पडते. जड पाण्यात साबणाचा फेस होण्याआधी त्याची पांढरी चिकट मळी होते, ती धाग्यांत अडकते आणि पांढरे कपडे काही महिन्यांत करडे दिसू लागतात. डिटर्जंट पावडर किंवा द्रव वापरल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. माझ्या आईच्या काळी जड पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाकून पाणी निवळू देत आणि मग साबण लावत. ती पद्धत आजही उपयोगी आहे, मात्र रेशमी आणि लोकरी वस्त्रांना ती वापरू नये. तुरटीने पाणी निवळते म्हणून जडपणा जातो असा समज अनेकींचा असतो. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा तसाच राहतो.

किटली, नळाची जाळी आणि शॉवरची चकती यांसाठी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात तासभर बुडवून ठेवणे पुरते. एक गोष्ट कळकळीने सांगते: अशा आम्लाबरोबर, किंवा फरशीच्या ॲसिडबरोबर, ब्लीचिंगचे द्रावण कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि आपल्याकडच्या लहान, बंद न्हाणीघरात तो अत्यंत धोकादायक ठरतो.

शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते काही दिवस कुंड्यांना घातले. मोगऱ्याची पाने पिवळी पडली आणि मातीवर पांढरी साय धरली. ते पाणी मूळच्या पाण्यापेक्षाही जड असते हे तेव्हा लक्षात आले. आता ते बादलीत साठवून शौचालयासाठी वापरते.

केसनंदफाटा

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या घरीही डाळीची हीच तक्रार आहे, पण ती पाण्याशी जोडण्याचे आम्हाला सुचले नव्हते. एक माहिती द्यायची राहिली. आमच्या इमारतीत फ्लशसाठी वेगळी नळवाहिनी आणि गच्चीवर वेगळी टाकी आहे, परंतु सध्या ती मुख्य टाकीतूनच भरली जाते. सोलरच्या गरम पाण्याचीही स्वतंत्र वाहिनी आहे. सॉफ्टनरविषयी कोणी आकड्यांसह लिहू शकेल का?

ब्युरेट

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आपला अहवाल जसा मी वाचतो तसा लिहितो.

भारतीय मानक १०५००, सन २०१२ ची आवृत्ती, यानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत अनुज्ञेय आहे. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २००० असे आहेत, मॅग्नेशियमसाठी ३० आणि १००. म्हणजे आपली बोअर जडपणाच्या बाबतीत अनुज्ञेय मर्यादेच्या अगदी काठावर पण आत आहे. घरोघरी जे पेनासारखे टीडीएस मीटर असते ते पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजते. त्यावरून जडपणा कळत नाही, कारण मीठ घातलेले पाणीही तेवढाच आकडा दाखवील. जडपणासाठी ईडीटीएचे अनुमापन करावे लागते, म्हणजे ईडीटीए नावाचे रसायन मोजून थेंबाथेंबाने घालावे लागते, ज्यात द्रावणाचा लालसर रंग जाऊन निळा येतो. थेंब मोजून हीच चाचणी घरी करता येईल असे संच बाजारात मिळतात आणि सोसायटीने असा एक संच ठेवावाच.

आपल्या ५६० पैकी ३४० हा तात्पुरता जडपणा आहे, म्हणजे बायकार्बोनेटमुळे आलेला, आणि उरलेला २२० कायमचा आहे. तात्पुरत्या जडपणाचा मोठा भाग पाणी तापल्यावर चुन्याच्या कपच्या होऊन खाली बसतो. आपल्या गिझरमधून निघाला तो हाच. तापमान जितके अधिक तितका थर लवकर धरतो, म्हणून गिझर ५० ते ५५ अंशांवर ठेवला तरी कॉइलचे आयुष्य वाढते. शास्त्राच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन असे जे शब्द आपण शिकलो, ते फक्त साबणापुरते आहेत. इमारतीचे खरे नुकसान गरम पाण्याच्या बाजूला होते.

आता सॉफ्टनर. त्यातील रेझिन (कृत्रिम राळेचे बारीक मणी) कॅल्शियम व मॅग्नेशियम धरते आणि बदल्यात सोडियम सोडते. पाण्यातील एकूण क्षार कमी होत नाहीत, केवळ त्यांची अदलाबदल होते, त्यामुळे यंत्र बसवल्यावर टीडीएस मीटरवरचा आकडा तसाच राहिला म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. जडपणाच्या प्रत्येक १ मिलिग्रॅममागे सुमारे ०.४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. ५६० पूर्णपणे काढला तर जवळपास २५८ मिलिग्रॅम प्रति लिटर सोडियम वाढेल, आणि मुळात असलेले वेगळेच. साधारण २०० च्या पुढे सोडियमची चव जाणवू लागते. असे पाणी पिण्यासाठी देऊ नये.

मिठाचा हिशेबही पाहा. माणशी १३५ लिटर आणि घरटी चार माणसे धरली तर आपली दररोजची गरज सुमारे ४५,००० लिटर होते. हे सगळे पाणी बोअरचे असेल आणि त्याचा जडपणा शून्यावर आणायचा असेल, तर रोज २५ किलो चुनखडीइतके क्षार पकडावे लागतील. रेझिन पुन्हा ताजे करण्यासाठी त्याकरिता सैद्धांतिक हिशेबाने २९-३० किलो मीठ लागते, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट किंवा अधिक. रोज ६० किलो जाडे मीठ आणायचे, ओतायचे आणि ते खारे पाणी सांडपाण्यात सोडायचे, असा हा व्यवहार आहे. प्रस्ताव देणाऱ्याने हा आकडा तुम्हाला लेखी दिला आहे का, हे अवश्य पाहा.

त्याऐवजी मिश्रणाचा विचार करा. नळजोडणीचे ६० चे पाणी ६० टक्के आणि बोअरचे ५६० चे पाणी ४० टक्के घेतले, तर मिश्रणाचा जडपणा २६० येतो. आपल्याकडे फ्लशची वाहिनी वेगळी आहे हे फार मोलाचे आहे, कारण घरातल्या एकूण वापराचा साधारण एक तृतीयांश भाग फ्लशला जातो. बोअर फक्त त्या टाकीला आणि बागेला जोडली, तर उरलेल्या वापरासाठी बहुतेक दिवस नळजोडणी आणि टँकर यांचेच पाणी राहील आणि बोअरची मदत कमी दिवस घ्यावी लागेल. पाइपला बाहेरून गुंडाळायची चुंबकीय आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे विकायला येतील. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात जडपणाचा आकडा बदलत नाही, आणि थर कमी बसतो या दाव्याला पुरेसा आधार मला दिसलेला नाही.

मात्र माझी खरी चिंता वेगळी आहे, आणि आपण ती ओळ सर्वांत शेवटी लिहिलीत. नायट्रेट ३८. याची मर्यादा ४५ आहे आणि जडपणाला जशी दुसरी, सैल मर्यादा आहे तशी नायट्रेटला नाही. जडपणा खडकातून येतो, नायट्रेट मात्र बहुतेक वेळा मैलापाण्यातून किंवा खतांतून येते. बोअरच्या आसपास सेप्टिक टाकी, शोषखड्डा किंवा गळकी सांडपाणी वाहिनी आहे का हे पाहावे. अहवालात जिवाणूंची तपासणी दिसत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू एकही नसावा असा मानकाचा दंडक आहे, आणि ही तपासणी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवून करावी लागते. सॉफ्टनर नायट्रेट काढत नाही आणि जंतूही काढत नाही. नळातून गुळगुळीत, फेसाळ पाणी येऊ लागले की लोक ते शुद्ध समजतात, आणि नेमके तिथे मला भय वाटते.

उंड्रीसचिव

ब्युरेट यांच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे, कारण त्यांनी कागदावर मांडलेला हिशेब आम्ही चार वर्षे प्रत्यक्ष भोगला आहे.

आमची सोसायटी उंड्रीत आहे. संपूर्ण इमारतीसाठी सॉफ्टनर बसवला तेव्हा पहिले सहा महिने सर्व जण समाधानी होते. नळ स्वच्छ राहिले, साबण कमी लागू लागला. काहींनी एवढेच सांगितले की अंगावरचा साबण निघतच नाही असे वाटते. सॉफ्टनरच्या पाण्यात मळी होत नसल्याने तसे वाटते, त्यात बिघाड काही नसतो. पुढे देखभाल करणारा माणूस बदलला, मीठ कधी वेळेवर पडे, कधी नाही, आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा जडपणा कोणी मोजत नसे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तपासले तेव्हा यंत्रात शिरणारे आणि त्यातून निघणारे पाणी जवळपास सारखेच होते, आणि मिठाचा खर्च मात्र नियमित चालू होता. यात यंत्राचा दोष नव्हता. आम्ही त्याची जबाबदारी कोणा एकाकडे सोपवली नव्हती.

त्याहून वाईट परिणाम बागेत दिसला. आमच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून निघालेले पाणी आम्ही हिरवळीला आणि झाडांना देतो. सॉफ्टनर धुतलेले खारे पाणी त्याच प्रकल्पात जात असे. दोन वर्षांत माती अशी घट्ट झाली की पाणी वर साचून राही, आणि उन्हात ती टणक होऊन तडकत असे. आमच्या सभासदांपैकी एक जण शेतकरी कुटुंबातले आहेत. त्यांनी ढेकूळ हातात घेऊन सांगितले की जमीन चोपण झाली आहे. सोडियम वाढले की काळ्या मातीचे कण सुटे होऊन तिची रंध्रे बुजतात, आणि ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. आम्ही जिप्सम टाकले, खारे पाणी बागेपासून वेगळे केले, तेव्हा हळूहळू सुधारणा झाली. तरी दोन बकुळी गेल्या त्या गेल्याच.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. मोठे यंत्र बंद करून त्याच्या जागी लहान सॉफ्टनर फक्त सोलरच्या टाकीला जाणाऱ्या पाण्यावर ठेवला आहे. तिथेही सगळे पाणी त्यातून न नेता काही भाग बाजूच्या झडपेने तसाच सोडतो आणि मिश्रणाचा जडपणा १२० च्या आसपास राखतो. थर बसणे जवळजवळ थांबले आहे आणि मिठाची पोती पूर्वीच्या मानाने अगदी थोडी लागतात. दर शनिवारी पहारेकऱ्यांच्या खोलीत थेंब-चाचणी करून आकडा वहीत लिहिला जातो आणि त्यावर दोन सह्या होतात. ही वही सुरू केल्यापासून यंत्र एकदाही विसरले गेलेले नाही.

हडपसरचे डॉक्टर

आरोग्याविषयीचा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

जड पाणी प्यायल्याने मूतखडा होतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. पाण्याच्या जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही, आणि जडपणामुळे खडा होतो असा ठोस पुरावा नाही. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असले तरी आहारातले कॅल्शियम तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, किंबहुना हे कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. खड्याचा खरा मित्र म्हणजे कमी पाणी पिण्याची सवय. पाणी जड आहे म्हणून कमी पिणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांचे नुकसान त्यामुळेच झाले आहे. ज्यांना पूर्वी खडा झाला आहे त्यांनी आपल्या वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे चालावे.

त्वचेचे मात्र थोडे वेगळे आहे. जड पाण्यात साबणाची मळी अंगावर राहते आणि कोरडी किंवा वयस्क त्वचा त्यामुळे अधिक रखरखीत होते. आपल्या सासूबाईंना साबणाच्या वडीऐवजी साबणविरहित सौम्य धुण्याचा द्रव वापरायला सांगा, पाणी कोमट ठेवा आणि अंग टिपून लगेच, ओलसर असतानाच, खोबरेल तेल किंवा मलम लावा. खाज तीन-चार आठवड्यांत कमी झाली नाही तर मधुमेह, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी, कारण या वयात खाजेचे कारण पाण्यापलीकडेही असू शकते. इसब असलेल्या ३३६ मुलांवर इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि घरात सॉफ्टनर बसवल्याने नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ त्यात दिसला नाही. केस जड पाण्याने राठ होतात आणि तुटतात हे खरे, परंतु मुळापासून गळणाऱ्या केसांची कारणे बहुधा रक्तक्षय, थायरॉइड, आनुवंशिकता किंवा नुकतेच झालेले आजारपण यांत सापडतात.

उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सॉफ्टनरचे पाणी पिऊ नये. आणि नायट्रेटविषयी वर जे लिहिले आहे ते माझ्या दृष्टीने या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला पावडरचे दूध देत असाल तर ते बोअरच्या पाण्यात करू नका. नायट्रेट वाढलेल्या पाण्याने अशा बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होते. आपल्या ८४ घरांत अशी किती बाळे आहेत, हे आजच विचारून घ्या.

केसनंदफाटा

काल कार्यकारिणीच्या बैठकीत ही संपूर्ण चर्चा मी छापून वाचून दाखवली. डॉक्टरांनी विचारल्याप्रमाणे चौकशी केली तेव्हा पावडरचे दूध घेणारी दोन बाळे निघाली. एक तर आमच्याच मजल्यावर, आणि हे मला माहीत नव्हते. दोन्ही घरांना नळजोडणीचे पाणी तळमजल्यावरच्या स्वतंत्र तोटीवरून भरून देण्याची व्यवस्था कालच केली.

मोठ्या सॉफ्टनरचा प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवला आहे. नळकाम करणाऱ्याने पाहणी करून सांगितले की बोअरची वाहिनी फ्लशच्या टाकीकडे वळवायला दोन झडपा आणि सुमारे बारा मीटर पाइप लागेल. ते काम या आठवड्यात सुरू होईल. सोलरसाठीच्या लहान यंत्राचा निर्णय ऑक्टोबरातला नमुना पाहून घेऊ. ब्युरेट यांच्या सूचनेवरून आम्ही बोअरच्या भोवतालची जागाही पाहिली. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर, आमच्या कुंपणापासून फार तर आठ-नऊ पावलांवर, कामगारांच्या वस्तीसाठी केलेला एक शोषखड्डा आहे. त्या जागेच्या मालकांना भेटायला उद्या सकाळी तिघे जण जात आहोत, आणि जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली सोमवारी मिळणार आहे.